घरचा सिंथेसायझर (लेखांक ५) : ३४६ कप्प्यांची तार

गेल्या आठवड्यात रास्पबेरी पायमधून पहिला सूर निघाला. ज्यांनी जोडणी पूर्ण केली त्यांच्याकडे आता पाय ४ आहे, त्याच्या १२, ३५ आणि ४० क्रमांकांच्या पिनांना जोडलेला पीसीएम ५१०२ चिपचा छोटा बोर्ड आहे आणि सेकंदाला ४८,००० आकडे बाहेर पाठवणारं एक फंक्शन आहे. (बोर्ड अजून मिळाला नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. पायच्या स्वतःच्या हेडफोन सॉकेटवर अडून राहू नका. त्यातला आवाज खरखरीत असतो आणि पाय ५ वर तर ते सॉकेटच नाही.)

निघालेला सूर साइन लहरीचा होता. तो पाच मिनिटं ऐकवत नाही, कारण त्याला उपस्वर नाहीत, सुरुवात नाही, विरणं नाही. बहुतेक पुस्तकं इथून करवतीच्या दात्यांसारख्या लहरीकडे आणि फिल्टरकडे वळतात. मला मात्र घरच्या सिंथेसायझरचा पहिला खरा आवाज छेडलेल्या तारेचाच असावा असं वाटतं. तो जवळजवळ फुकट मिळतो. शिवाय तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला त्यातली चूक लगेच कळते, आणि या कामात कान हाच आपला सर्वांत चांगला परीक्षक आहे.

ही कृती १९८३ साली ‘कॉम्प्युटर म्युझिक जर्नल’मध्ये छापून आली. केविन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग हे तिचे लेखक. कल्पना स्ट्राँगची, तिच्यामागचं गणित कार्प्लसने उलगडलं. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स ७ बाजारात आला, पण त्याच्या पोटात खास बनवलेल्या चिपा होत्या. स्ट्राँगच्या कृतीला त्यांची गरज नव्हती. त्या काळच्या आठ बिटांच्या प्रोसेसरला गुणाकार फार महाग पडत असे, आणि या कृतीत तो नाहीच. एक बेरीज करायची आणि उत्तर निम्मं करायचं. निम्मं करणं म्हणजे बिट एक घर सरकवणं, बस.

कृती अशी. मेमरीत ३४६ कप्पे घ्या. तार छेडायची त्या क्षणी प्रत्येकात उणे एक ते अधिक एक यांमधला कोणताही स्वैर आकडा टाका. आता पहिल्या कप्प्यातला आकडा स्पीकरकडे पाठवा, तो आणि त्याच्या लगेच आधी पाठवलेला आकडा (अगदी सुरुवातीला शून्य) यांची सरासरी काढा आणि ती त्याच कप्प्यात परत ठेवा. मग पुढचा कप्पा. शेवटच्या कप्प्यानंतर पुन्हा पहिला. रहाटगाडग्याचं प्रत्येक गाडगं वर येऊन रितं होतं आणि खाली जाऊन पुन्हा भरतं, तसंच हे चालतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक फेरीत पाणी थोडं अधिक निवळतं.

तेवढंच. स्पीकरमधून तार वाजते.

सूर कुठून आला? तोच नमुना दर ३४६ आकड्यांनी परत येतो म्हणून. सरासरी काढण्यात अर्ध्या आकड्याचा उशीर होतो, तोही धरायचा. ४८,००० भागिले ३४६.५ म्हणजे सेकंदाला १३८.५३ कंपनं. काळी एकचा षड्ज १३८.५९ वर असतो. आपण त्याच्या अगदी शेजारी आहोत.

आणि तारेचा गुण कुठून आला? हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. चारच कप्पे घ्या आणि त्यांत १, १, -१, -१ भरा. एका फेरीनंतर ०.५, १, ०, -१ उरतं. लाट निमुळती झाली, पण तिचा घाट टिकला. आता १, -१, १, -१ भरा. एका फेरीत शेवटचे तीन कप्पे शून्य होतात आणि पहिल्यात अर्धा उरतो. झपाझप वरखाली होणारी लाट एका फेरीत पुसली गेली, संथ लाट राहिली. खऱ्या तारेतही उंच उपस्वर आधी मरतात आणि मूळ स्वर मागे उरतो. तारेवरची लाट टोकापर्यंत जाते, आपटून परतते आणि दर खेपेला थोडी शक्ती गमावते. कप्प्यांची रांग म्हणजे ती खेप, सरासरी म्हणजे ती गळती. याच विचारातून पुढे स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांनी लाटांच्या वाटांचं सविस्तर गणित मांडलं आणि १९९४ मध्ये त्यावर उभा राहिलेला यामाहाचा व्हीएल १ आला.

आता चुकीकडे. कप्पे पूर्णांकातच घेता येतात, तीनशे पंचेचाळीस पूर्णांक अमुक असे घेता येत नाहीत. तानपुऱ्याच्या जोडीपैकी एका तारेला ३४६ कप्पे द्या आणि दुसरीला ३४७. पहिली १३८.५३ वर वाजेल, दुसरी १३८.१३ वर. दोन्ही एकत्र वाजू द्या. दर अडीच सेकंदांनी आवाज फुगतो आणि बसतो. तानपुरा लावणारा माणूस मणी सरकवत हीच लहर घालवत असतो. इथे सरकवायला मणी नाही.

खालच्या स्वरांत हे एक वेळ चालून जाईल. वरच्या स्वरांत मात्र जमत नाही. याच षड्जाच्या तीन सप्तकं वर, १,१०८.७ वर जायचं आहे. ४३ कप्पे घेतले तर १,१०३.४ मिळतात, ४२ घेतले तर १,१२९.४. मधे काहीच नाही. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर ही फट चाळीस भागांची आहे. आपली प्रमाणश्रुती साधारण बावीस भागांची. म्हणजे गाणाऱ्याच्या कानाला स्पष्ट टोचेल एवढी मोठी फट.

इलाज त्याच १९८३ च्या अंकात डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी दिला. शेजारच्या दोन आकड्यांमधला अपूर्णांक प्रमाणात काढून घेणं हा मनात येणारा पहिला उपाय, पण तीसुद्धा एक सरासरीच आहे. ती उंच उपस्वर खाते, आणि अपूर्णांक बदलला की तारेचा रंग बदलतो. त्यांनी ऑल-पास फिल्टर वापरला. तो सगळे उपस्वर पूर्ण ताकदीने पुढे जाऊ देतो, फक्त त्यांना थोडा उशीर करतो. काळी एकसाठी ३४५ कप्पे आणि ०.८४ एवढा उशीर हवा. एकातून उशीर वजा करा, एकात उशीर मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. साधारण ०.०८७ येतात. हा एकच आकडा तारेगणिक साठवायचा. या लेखमालेत दुसरं काही टाळलंत तरी चालेल, पण हा फिल्टर टाळू नका. त्याच्याशिवाय वाद्य सुरात लागत नाही, आणि बेसूर वाद्य कितीही चतुर असलं तरी त्याचा उपयोग काय?

विरण्याचं थोडक्यात. नुसत्या सरासरीवर ठेवलेल्या खालच्या तारा मिनिटंच्या मिनिटं वाजत राहतात आणि वरच्या दोन-तीन सेकंदांत संपतात. म्हणून दर फेरीला ०.९९६ सारख्या आकड्याने गुणायचं. त्याने जोडीची तार बारा सेकंदांच्या आसपास विरते. वरच्या तारांसाठी हा आकडा एकच्या अधिक जवळ न्या. १९८३ मध्ये महाग असलेला गुणाकार पायला जाणवतही नाही.

एवढं करून वाजणारी तार गिटारच्या जवळची असते. तानपुऱ्याची होत नाही, आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर कारण वाटतं. आपल्या कप्प्यांत उपस्वर फक्त मरतात, नव्याने जन्मत नाहीत. तानपुऱ्यात ते छेडल्यानंतर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत असा जुना नियम आहे. तानपुऱ्यात आणि वीणेत ते उमटतात. हे घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीमुळे घडतं. कंप पावणारी तार तिला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि प्रत्येक टेकण्यात मूळ स्वराची थोडी शक्ती वरच्या उपस्वरांकडे जाते. खरजातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्या तारेचा पाचवा उपस्वर. मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि वाजवणारा तारेखालचा दोरा केसभर सरकवून जी जवारी काढतात, ती हीच देवाणघेवाण. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा दोराही हिशेबात धरून तानपुऱ्याचं प्रारूप मांडलं. ते आपल्या कृतीपेक्षा बरंच जड आहे.

आपल्याला एक ढोबळ युक्ती करता येते. घोडीला टेकलेली तार क्षणभर आखूड होते. म्हणून बाहेर पडणारा आकडा जितका मोठा, तितका ऑल-पासचा उशीर किंचित कमी करायचा. प्रमाण अगदी कमी ठेवा आणि हळूहळू वाढवा. तारेला झणकार येऊ लागतो. ही खरी जवारी नव्हे, पण गिटार मागे पडते.

एक सक्त सूचना. आपण १२८ आकड्यांचा बफर ठेवला आहे, म्हणजे पुढचा घास तयार करायला पायकडे अडीच मिलिसेकंदांहून थोडाच अधिक वेळ असतो. त्या फंक्शनच्या आत पडद्यावर काही छापू नका, फाइल उघडू नका, नवी मेमरी मागू नका. कप्पे प्रोग्राम सुरू होतानाच घेऊन ठेवा. यातलं एक जरी केलंत तर मधूनमधून कटकट ऐकू येईल, आणि दोष बोर्डचा आहे असं वाटून सगळी वायरिंग उगाच तपासत बसाल.

या आठवड्यात पूर्ण तानपुरा लावा. पंचमाला ४६१ कप्पे आणि ०.२९ उशीर, जोडीच्या दोन्ही तारांना ३४५ आणि ०.८४, खरजाला ६९२ आणि ०.१८. चारही तारा मिळून साडेसात हजार बाइटसुद्धा लागत नाहीत. नीट लागला की जोडीतल्या एकीचा उशीर ०.५४ करून पाहा. साधारण आठ सेकंदांनी एक लहर येईल. ती ऐकू येत असेल तर कान आणि फिल्टर दोन्ही ठीक आहेत, आणि पुढच्या आठवड्यात मिडी कीबोर्ड जोडायला हरकत नाही.