छोटे वर्कशॉप, भाग ९ : नळी वाकवायचे यंत्र बनवावे की आणावे?

नळी वाकवायचे यंत्र स्वतः बनवावे की विकत आणावे, हा प्रश्न बहुतेक जण किमती शेजारी शेजारी मांडून सोडवतात आणि तिथेच फसतात. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे यंत्र मुळात नळीसाठी नसतेच. दोन बाजूंना दोन आधार आणि मधून बाटली जॅकने पुढे सरकणारा साचा, अशा रचनेचा हायड्रोलिक बेंडर हा नळकाम करणाऱ्यांच्या पाइपासाठी आहे. पाइपाचे माप नावापुरते असते. एक इंची पाइप बाहेरून सुमारे ३३.७ मिमी भरतो, एक इंची नळी मात्र बरोबर २५.४ मिमी. पाइपाच्या साच्यात ती ढिली बसते. जॅकचा सगळा जोर मधल्या जागी येतो, बाजूंनी धरायला काही नसते, आणि दीड मिमी भिंतीची नळी नीट वळण्याआधीच चपटी होते. जाड पाइप हे सोसतो, खुर्चीची किंवा गाडीच्या सांगाड्याची नळी सोसत नाही. म्हणजे ‘विकत घेतले’ एवढ्याने काम झाले असे होत नाही.

नळीसाठी हवे ते यंत्र वेगळे. त्यात अर्धगोल खाच असलेली गोल डाय फिरते, नळीचे एक टोक डायलाच जखडलेले असते आणि बाहेरच्या अंगाने एक ठोकळा नळीला खाचेत दाबून ठेवतो. याचे कारण धातूच्या वागण्यात आहे. वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट धरली, तर बाहेरची भिंत सुमारे १७ टक्के ताणली जाते आणि आतली तितकीच दाबली जाते. त्रिज्या दुप्पटच ठेवली तर हाच आकडा २५ टक्क्यांवर जातो. ताणलेल्या आणि दाबलेल्या या दोन भिंती एकमेकींकडे सरकू पाहतात आणि नळी बाजूंना फुगू लागते. तिला फुगू न देणे, हे काम खाचेच्या कडांचे. खाच अर्धा मिमी सैल झाली तरी वळण लंबगोल होते, आतल्या अंगाला चुण्या पडतात. म्हणून माझे म्हणणे असे, की सांगाडा जरूर बनवावा, पण डाय विकत घ्यावी. यंत्राचे सगळे मर्म डायमध्ये असते.

सांगाडा बनवणे अवघड का नाही, ते आकड्यांतच पाहू. २५ मिमी व्यासाची, ३ मिमी भिंतीची साध्या पोलादाची नळी वाकवायला सुमारे ३७ किलोग्रॅम-मीटर पीळ लागतो. दीड मीटरचा दांडा लावला तर हातावर २५ किलो जोर येतो. घर्षण आणि वाकताना धातूला येणारा कडकपणा धरून तो दुप्पट माना. दोन जाड प्लेटा, नीट बसणाऱ्या पिना आणि जमिनीत पक्के रोवलेले स्टँड एवढ्यावर हे निभते. चांगला वेल्डर आणि ड्रिल मशीन असलेल्या कुणालाही ते जमेल. मात्र भिंतीची जाडीही त्याच प्रमाणात वाढवत व्यास दुप्पट केला, की लागणारा पीळ आठपट होतो. तिथे हातदांडा संपतो आणि जॅक लावावा लागतो. तोही सांगाड्यात मागाहून बसवता येतो.

यावर लेथवाले म्हणतील, डायसुद्धा आम्ही कापू. कापतीलही. पण वरच्याच नळीसाठी ७५ मिमी त्रिज्येची डाय म्हणजे १५० मिमी व्यासाची, जवळपास ३८ मिमी जाडीची चकती. तिचे नुसते वजन पाच किलोंच्या वर. तिच्या कडेवर साडेबारा मिमी खोल, पूर्ण गोलाईची खाच काढायची. एवढ्या रुंदीचे फॉर्म टूल हलक्या लेथवर धडधडते, आणि खाचेवर उठलेल्या लहरी प्रत्येक नळीवर उमटतात. मजबूत लेथ, खाचेसाठी गोलाईत फिरणारे टूल आणि हातखंडा असलेला टर्नर जवळ असेल तर माझा आक्षेप नाही. पण मग व्यास बदलला की नवी डाय, आणि सहसा त्रिज्या बदलली तरी नवी डाय, हा हिशेबही त्यांनी धरावा. ॲल्युमिनियमची मऊ नळी चार-सहाच वळणांपुरती वाकवायची असेल तर प्लायवुडचे थर चिकटवलेली डायही चालून जाते. पोलादाखाली तिच्या कडा दबतात. वाळू भरण्याची जुनी युक्ती मोठ्या त्रिज्येला उपयोगी पडते, पण वाळू ओलसर असताना बंद नळी तापवली तर आतल्या वाफेने बूच बंदुकीच्या गोळीसारखे सुटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एमआयडीसीत जॉबवर्कवर सीएनसी बेंडिंग मिळत असताना हा खटाटोप कशाला? रेलिंगची किंवा खुर्च्यांची एकसारखी शंभर वळणे हवी असतील तर खरोखरच करू नये. पण बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा सांगाडा शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत असतो. दर बदलाला नळ्या टेंपोत घालून न्यायच्या आणि दुकानात असेल त्या डायच्या त्रिज्येवर आपले डिझाइन बसवायचे, हे त्यांना महागात पडते. उलट बाजूने विचारले जाईल की जीव ज्यावर अवलंबून आहे तो सांगाडा घरच्या यंत्रावर वाकवावा का? याचे उत्तर यंत्र कुणी बनवले यात नाही, वळण मोजण्यात आहे. वळणाच्या मध्यावर व्हर्नियर दोन दिशांनी लावायचा. एकीकडे २५.८ आणि दुसरीकडे २४.२ आले तर फरक १.६ मिमी, म्हणजे ६.४ टक्के. दाबाच्या पाइपांसाठीची अमेरिकेची बी ३१.३ संहिता आतून दाब असलेल्या वळणांत ८ टक्क्यांपर्यंत मुभा देते. गाडीच्या सांगाड्याला ती लागू नाही, पण हात कुठवर बसला आहे हे ताडायला मोजपट्टी म्हणून बरी. डोळ्यांना चुणी दिसली तर मात्र मोजत बसू नये, नळी भंगारात टाकावी.

पहिली नळी वाकवण्याआधी तिच्यावरची वेल्डची शिवण शोधा. ती वळणाच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला, ताण सर्वांत कमी असतो तिथे ठेवायची. दांडा सोडल्यावर नळी दोन-चार अंश मागे येतेच. त्याच गठ्ठ्यातल्या तुकड्यावर ते आधी मोजून डायवर खूण करून ठेवावी, कारण नवा माल आला की आकडा बदलतो. वाकवलेली नळी दुसरीला बिनफटीची भिडावी म्हणून तिचे टोक कसे कापायचे, ते पुढच्या भागात.