जालन्याला समुद्र नाही, तरी इथली नदी कांदळवनाला जगवते. कसं?

कांदळवन म्हटलं की डोळ्यासमोर मुंबईची, ठाण्याची खाडी येते. फार तर कोकण. मराठवाड्यातल्या जालन्यापासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. मग जालनेकरांचा आणि कांदळवनाचा काय संबंध?

संबंध आहे, फक्त तो अरबी समुद्राशी नाही, बंगालच्या उपसागराशी आहे.

जालना शहरातून वाहणारी कुंडलिका पुढे दुधनेला मिळते. दुधना परभणी जिल्ह्यात पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. शिवाय अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून खुद्द गोदावरीच वाहते. १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून ही गोदामाई आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिथे, काकीनाडाजवळ, कोरिंगाचं कांदळवन आहे. १९७८ मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल सुमारे २३५ चौरस किलोमीटरवर पसरलंय.

खाऱ्या पाण्यातल्या झाडाला गोडं पाणी कशाला?

कांदळवनातली झाडं खारं पाणी सोसतात. तिवराची पानं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्याची श्वसनमुळं जमिनीतून वर डोकावतात. पण सोसणं वेगळं आणि फोफावणं वेगळं. क्षारांचं प्रमाण फार वाढलं की वाढ खुंटते, रोपं तग धरत नाहीत. नदीचं गोडं पाणी हा खारटपणा कमी करतं.

दुसरी गरज गाळाची. नदीने आणलेल्या गाळावरच ही झाडं उभी राहतात. काकीनाडासमोरचं होप आयलंड हा वाळूचा लांबच लांब पट्टा गेल्या सुमारे दोनशे वर्षांत गोदावरीच्या गाळातूनच तयार झाला. आज तो काकीनाडा बंदराला लाटांपासून आडोसा देतो.

या जंगलाचा फायदा कुणाला?

मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्लं मुळांच्या जाळीत वाढतात. पुढे हीच मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. कोरिंगात पाणमांजर आणि मासे पकडून खाणारं रानमांजरही आढळतं. चिखलात कार्बन वर्षानुवर्षं साठून राहतो.

आणि वादळात हे जंगल भिंतीसारखं आडवं येतं. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा अभ्यास झाला. ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे माणसं कमी दगावली होती.

मग अडचण कुठे आहे?

गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणं झाली. पैठणचं जायकवाडी १९७६ मध्ये सुरू झालं. धरणात पाणी अडतं, तसाच गाळही अडतो. तो मुखापर्यंत पोहोचला नाही की समुद्र किनारा कुरतडू लागतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात हे घडताना दिसतंय.

आता कुणी म्हणेल, मग काय धरणं फोडायची? अजिबात नाही. जालना शहराला जायकवाडीचं पाणी येतं. दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्याला ‘पाणी सोडा’ सांगणं सोपं नाही. शिवाय गोदावरीच्या खालच्या टप्प्यातलं बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या उपनद्यांचं असतं. जालन्याचा वाटा त्यात छोटाच.

पण काही गोष्टींसाठी धरणाला हात लावायची गरज नाही. गोदापात्रातला बेसुमार वाळूउपसा ही त्यातली पहिली. ही वाळू धरून ठेवते तेच पाणी काठच्या विहिरींना मिळतं. म्हणजे उपशाचा पहिला फटका गोदाकाठच्या शेतकऱ्यालाच. दुसरी गोष्ट कुंडलिकेत जाणारं सांडपाणी आणि प्लास्टिक. त्याचा वासही आधी जालनेकरांनाच येतो.

महाराष्ट्राने कांदळवनासाठी पावलं उचलली आहेत. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असा निकाल दिला. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे, तर आंध्रात ४०५.

कक्ष आणि कायदा किनाऱ्यावरचं झाड वाचवू शकतात. त्या झाडाखालचा गाळ मात्र शेकडो किलोमीटर वरून येतो. म्हणून शहागडच्या पुलावरून दिसणारी वाळू जितकी अंबडची, तितकीच ती कोरिंगाचीही आहे.