घरातील बंदूक

गावाबाहेर शेतात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास, अथवा दररोज तिन्हीसांजेस रोकड घेऊन घरी परतणाऱ्या सराफास, आसपासच्या दरोड्याची वार्ता ऐकून आपल्या घरीही बंदूक असावी असे वाटले, तर त्यास भ्याड म्हणणे अन्यायाचे होईल. दरोडा पडलाच तर तो एका रात्रीचा. बंदूक मात्र त्याआधी आणि त्यानंतर सहस्रावधी निर्वेध रात्री त्याच घरात वास करणार, आणि परवान्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्या रात्रींचा विचार आधी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

1959 च्या शस्त्र कायद्यान्वये जिल्हादंडाधिकारी अथवा शहरातील पोलीस आयुक्त हा परवाना देतात, तो ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागवून. 2019 च्या दुरुस्तीने त्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली. निवडणूक जाहीर झाली म्हणजे पुष्कळांना हत्यार ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. आता स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी. रात्रीच्या घरफोडीप्रसंगी तो हल्लेखोराच्या प्राणापर्यंत पोहोचू शकतो हे खरे. तथापि बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही, आणि पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर बार काढणाऱ्या घरधन्यास स्वतःच्याच अंगणातल्या पंचनाम्यात आरोपी म्हणून उभे राहण्याचा प्रसंग येऊ शकतो.

परंतु खरा पेच कपाटापाशी आहे. दुनळी बंदूक मोडून, नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, काडतुसे तिसऱ्या कुलपात आणि किल्ल्या धन्याच्या कमरेला, अशी ठेवली, तर मुले निर्धास्त राहतात. मात्र कडी उचकटल्याचा आवाज कानी पडल्यावर, झोपेतून उठून, अंधारात ती जुळवून काडतुसे भरेपर्यंत चोर माजघरात आलेला असतो. भरून उशाशी ठेवावी, तर तिचा चाप नातवाच्या हातालाही तितकाच वश होतो, आणि रात्री उशिरा परसदाराने आलेला मुलगा चोर भासण्यास एक क्षण पुरतो.

याहून गंभीर संकट घरातल्या माणसाच्या मनात असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कर्जाने, आजाराने वा अपमानाने खचलेल्या मनुष्याची ती घटका पुष्कळदा टळते, शेजारी धावून येतो, डॉक्टरांना अवसर मिळतो; भरलेली बंदूक हा अवसर बहुधा ठेवीत नाही.

म्हणून शहरातल्या बिऱ्हाडात तिची गरज मला दिसत नाही. दणकट कडी, अंगणातला दिवा, भुंकणारे कुत्रे, शेजाऱ्याशी सलोखा आणि 112 हा क्रमांक ही तजवीज तेथे अधिक उपयोगाची. एकाकी वस्तीवरच्या माणसाने ती घ्यावयाचीच, तर पत्नीच्या व वडीलधाऱ्यांच्या संमतीने, रीतसर शिकून घ्यावी. आणि ज्यांच्या घरी ती आधीच आहे, त्यांनी घरात कोणी उदास, अबोल, अन्नावरची वासना उडालेला दिसू लागला की ती ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्यावी. कायद्यात तशी सोय आहे, आणि त्यासाठी कोणासही कारणे सांगत बसण्याचा संकोच बाळगू नये.