व्हायकिंग, दाशी आणि आजीचं ताट

जपानमध्ये बुफेला ‘बाइकिंगु’ म्हणतात. बाइकिंगु म्हणजे व्हायकिंग. तेच ते, युरोपच्या उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू. आता त्यांचा आणि सुशीचा काय संबंध? मीही मामाला हेच विचारलं. मामा टोकियोत निशी-कासाईला राहतो, आणि आजीला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून त्याने आम्हाला एका बड्या हॉटेलातल्या बुफेला न्यायचं ठरवलं होतं.

तर त्याची कथा अशी. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलचे प्रमुख इनुमारु तेत्सुझो १९५७ साली डेन्मार्कला गेले होते. तिथे त्यांनी ‘स्मॉर्गसबोर्ड’ पाहिलं. म्हणजे टेबलभर पदार्थ मांडून ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. त्यांना ते फार आवडलं. त्यांचा एक शेफ, मुराकामी नोबुओ, तेव्हा पॅरिसला शिकत होता. त्याला हुकूम गेला की हे प्रकरण नीट शिकून ये. १ ऑगस्ट १९५८ ला हॉटेलात असं रेस्टॉरंट सुरू झालं. स्मॉर्गसबोर्ड हा शब्द जपानी माणसाच्या तोंडात बसेना (आपल्या तरी कुठे बसतो?). त्या सुमारास जवळच्या थिएटरात कर्क डग्लसचा ‘द व्हायकिंग्ज’ लागला होता आणि त्यात खाण्यापिण्याचा दणदणीत सीन आहे. झालं, नाव ठरलं. जेवणाचा दर दुपारी १२०० येन आणि रात्री १६००. तेव्हा नव्या पदवीधराला महिना १३ हजारांच्या आसपास पगार मिळायचा. म्हणजे पहिल्या पगाराचा आठवा हिस्सा एका रात्रीत पोटात! तरी रांगा लागल्या. पुढे हे नाव हॉटेलपुरतं राहिलं नाही, देशभर कुठल्याही बुफेला तेच चिकटलं.

गंमत म्हणजे त्याच १९५८ साली ओसाकाकडे शिराइशी योशिआकी या माणसाने बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा कन्व्हेयर पाहून फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं दुकान काढलं. मेकॅनिकलवाल्यांनी यूट्यूबवर त्या पट्ट्याचं वळण जरूर बघावं. चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींवर सरकत कोपरा घेतात. मशीन डिझाइनच्या सरांना दाखवण्यासारखं आहे.

आता मुख्य शंका. ‘हवं तेवढं खा’ म्हटल्यावर हॉटेलला परवडतं कसं? उत्तर आपल्या अनलिमिटेड मेसमध्येच आहे. एकटा माणूस किती खाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण दोनशे माणसं मिळून किती खातील हे बरंचसं नेमकं सांगता येतं. एक जण सहा प्लेटी हाणतो तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या काकू सॅलडवर भागवत असतात. सरासरी फारशी हलत नाही. त्यात वाढपी कमी लागतात, प्लेटी लहान असतात, आणि वेळ बांधलेली असते. आम्हाला नव्वद मिनिटं होती. नूडल्स, करी-भात असा पोट भरणारा माल हवा तेवढा आपला आपण घ्यायचा. पण महागाच्या रोस्ट बीफपाशी पांढरी उंच टोपी घातलेला शेफ सुरी घेऊन उभा असतो आणि तो एकेक काप देतो. रविवारच्या फीस्टला गुलाबजामच्या पातेल्यापाशी मेसचे काका जातीने उभे असतात, तेच हे शास्त्र.

सुशी मात्र थोडी थोडी करून आणत होते. याचं कारण मामीने सांगितलं आणि मी नंतर वाचून पडताळलं. सुशीचा भात फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. शिजलेल्या भातातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट जुळतो आणि दाणे टणक होतात. मेसचा रात्रीचा भात सकाळी दगड होतो आणि फोडणी दिल्याशिवाय खाववत नाही, तसंच. मासा गार हवा, भात कोमट हवा. म्हणून भातात व्हिनेगर घालतात, त्याच्या आंबटपणाने जंतू वाढायला वेळ लागतो. आणि तरीही सुशी लवकर संपवावीच लागते.

पण आमचा खरा पेच वेगळा होता. आजी शाकाहारी. नुसतं मटण-मासे नाही इतकंच नव्हे, अंडंसुद्धा नाही. समोर शंभरेक पदार्थ, आणि मामीने हॉलमध्ये शिरतानाच सांगितलं, “आई, मी विचारल्याशिवाय काही घेऊ नका हं.”

भानगड आहे दाशीची. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचा कीस यांचं असतं. १९०८ साली टोकियोच्या प्रोफेसर इकेदा किकुनाए यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. गेटबाहेरच्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो तिथूनच आलेलं आहे. कात्सुओत इनोसिनेट असतं. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून मासा दिसत नाही तिथेही तो असतो. मिसो सूपमध्ये दाशी. गोडसर टोफूच्या पिशवीत भरलेला भात बघायला शंभर टक्के शाकाहारी, पण ती पिशवी दाशीत उकळलेली असते. भाज्यांचा तेंपुरा म्हणजे आपली भजीच, पण पिठात अंडं, सोबतच्या पाण्यात दाशी, आणि तेल कोळंबीचं तेच.

मामी प्रत्येक काउंटरवर जपानीत विचारत होती आणि आजी मागे रिकामी प्लेट धरून उभी. दहा मिनिटांनी आजी म्हणाली, “जाऊ दे गं, मी फळं खाते. पोरांना जेवू दे.” मामाचा चेहरा बघवेना. एवढा खर्च आणि एवढी हौस ज्या माणसासाठी, तेच उपाशी.

तेवढ्यात एक वयस्क शेफ काउंटरमागून बाहेर आला. त्याने मामीचं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन विचारून आला, आणि मग आजीच्या बरोबरीने टेबलं फिरला. ‘हे चालेल’ला हाताने गोल, ‘हे नाही’ला दोन्ही हातांची फुली. काकडीच्या सुशीला गोल. साधा भात, मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, तीळ घातलेली काकडीची कोशिंबीर, सगळ्यांना गोल. गार टोफूवरचा माशाचा कीस काढून टाकणं त्याला पटलं नाही, त्याने आतून नवा कोरा टोफू आणला, वर किसलेलं आलं आणि सोया सॉस. शेवटी तांदळाच्या पिठाचा एक मऊ पांढरा गोळा दिला. त्यात लाल अझुकी डाळीचं गोड सारण.

आजीने एक घास घेतला. “अरे, हे तर पुरण! फक्त वेलची विसरलेत.”

तिने तीन खाल्ले. मामाने मोजले.

पुढच्या वर्षी कोणी इंटर्नशिपला जपानला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. नुसतं ‘मी व्हेजिटेरियन आहे’ सांगून भागत नाही. कित्येकांच्या हिशेबी मांस नसलं की झालं, मासा त्यात मोजलाच जात नाही. म्हणून ‘दाशी’ आणि ‘कात्सुओ’ हे दोन शब्द घेऊन विचारायचं. देवळांच्या परंपरेतलं ‘शोजिन र्‍योरी’ नावाचं जेवण मिळालं तर सोडू नका, त्यात दाशी कोंबूची किंवा मशरूमची असते. आणि बुफेला गेलात तर आधी एक पूर्ण चक्कर रिकाम्या हाताने मारा. नव्वद मिनिटं पुरतात.