गोल्फचे आयर्न घेताना नंबर नव्हे, अंश पाहा

खेळाच्या सामानाच्या दुकानात एक सौदा नेहमी असा होतो. गिऱ्हाईक ७ नंबरचे नवे आयर्न हातात घेते, चार चेंडू मारते आणि खूश होऊन म्हणते, ‘जुन्यापेक्षा हे लांब जाते.’ दुकानदार मान डोलावतो आणि सेट विकला जातो. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. असे का होते, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

नंबर हा फक्त छाप आहे

आयर्नच्या मुखाला जो कल असतो त्याला लॉफ्ट म्हणतात. कल कमी तर चेंडू लांब, कल जास्त तर चेंडू उंच आणि जवळ. पूर्वी ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३५-३६ अंश असे. आज सोप्या खेळासाठी बनवलेल्या अनेक सेटमध्ये तो ३० अंशांच्याही खाली असतो. म्हणजे जुन्या हिशेबाने ते ५ किंवा ६ नंबरचेच आयर्न झाले. यात फसवणूक आहे असे नाही. नव्या क्लबमध्ये वजन तळाशी ठेवलेले असल्याने कमी कलानेही चेंडू उंच उठतो. पण अडचण पुढे येते. अशा सेटमधील पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा आणि पिशवीतील सँड वेज ५६ अंशांचा असेल, तर मधल्या अंतरासाठी क्लबच उरत नाही. मग आणखी एक वेज विकत घ्यावा लागतो. नियमाप्रमाणे पिशवीत १४ च क्लब चालतात, तेव्हा ही जागाही मोजूनच वापरावी लागते.

घडीव की ओतीव?

आयर्न दोन रीतींनी बनते. तापवलेले मऊ पोलाद घणाखाली दाबून केलेले ते घडीव. मेणाचा नमुना करून त्याच्या साच्यात वितळलेले पोलाद ओतून केलेले ते ओतीव. जपानात हिमेजी परिसरातील कारखाने घडीव कामासाठी नावाजलेले आहेत. तरीही घडीव म्हणजे उत्तम आणि ओतीव म्हणजे हलके, हा समज बरोबर नाही.

याचा पुरावा कार्स्टन सोल्हाइम यांच्या कामात मिळतो. नॉर्वेत जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत वडिलांच्या चपला-बुटांच्या दुकानात काम शिकले, पुढे इंजिनीअर झाले आणि चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळू लागले. क्लबच्या डोक्यातील वजन मधून काढून कडेला नेले, तर चेंडू मधोमध न लागताही क्लब हातात कमी फिरतो, हे त्यांनी आपल्या क्लबमध्ये दाखवून दिले. गिरणीच्या जड चाकाचे वजन कडेला का असते, हे जाणणाऱ्या कारागिराला ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यांच्या ‘पिंग’ कंपनीचे १९८२ साली आलेले आय-२ आयर्न ओतीव होते आणि ते व्यावसायिक खेळाडूंनीही वापरले.

ज्याचा खेळ सुधारतो आहे पण प्रत्येक फटका अजून मधोमध बसत नाही, त्याने कडेला वजन असलेलेच डोके घ्यावे. मात्र फार रुंद तळाचे, जाड डोके नको. मध्यम तळाचे बरे. पातळ, सपाट पाठीचे ‘ब्लेड’ दिसायला देखणे असते, पण चूक माफ करत नाही.

माप कसे घ्यावे

शिंपी माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही. इथेही तेच. क्लबच्या तळाला चिकटपट्टी लावून कडक फळीवरून काही चेंडू मारायला सांगावे. खूण टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला उमटली, तर दांडा फार उभा आहे. टोकाकडे उमटली तर फार आडवा. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पहिल्या दोषात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे जातो. खेळाडू उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मऊ पोलादाचे घडीव डोके दोन-तीन अंश सहज वाकवता येते. कडक स्टेनलेसचे ओतीव डोके वाकवताना जपावे लागते. घडीव मालाचा खरा फायदा इथे आहे.

दांड्याचेही तसेच. पोलादी दांडा साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइटचा त्याहून बराच हलका. ज्याची फेक संथ आहे किंवा सांधे दुखतात, त्याने हलका घ्यावा. मुठीची जाडी पंजाप्रमाणे असावी.

दुकानदारांसाठी

प्रत्येक क्लबचा लॉफ्ट लिहिलेला तक्ता गिऱ्हाइकासमोर ठेवा आणि जुन्या सेटशी ताडून दाखवा. पूर्ण सेटचा आग्रह धरू नका. ३ आणि ४ नंबरचे आयर्न अशा खेळाडूला बहुधा पेलत नाही, तिथे हायब्रिड क्लब बरा. नामांकित मालाची नक्कल बाजारात फिरते, म्हणून गळ्यावरचा अनुक्रमांक कंपनीकडे पडताळा. कधी मोजमाप केल्यावर जुनाच सेट ठीक ठरेल. फक्त मुठी बदलाव्या लागतील. त्या दिवशी विक्री लहान होईल, पण ते गिऱ्हाईक पुढचा सेट घ्यायला तुमच्याकडेच येईल.