पाचगणी ते बिर्ला हाऊस : यंत्राआधीची सुरक्षा

सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेटल डिटेक्टर आणि कॅमेरे येतात. ह्युमॅनिटीजच्या प्रोजेक्टसाठी मी सुरक्षेचा इतिहास घेतला, आणि कपूर आयोगाचा अहवाल वाचताना हे चित्र पार बदललं.

सुरुवात आपल्या सातारा जिल्ह्यातच होते. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी जुलैत विश्रांतीसाठी पाचगणीला ‘दिलखुश’ बंगल्यात राहिले. जिनांना भेटीचं पत्र त्यांनी इथूनच पाठवलं. त्या मुक्कामात पुण्याहून तरुणांचा एक गट निदर्शनं करायला आला. त्यात नथुराम गोडसे होता आणि आपण त्याला जंबियासकट धरलं, असं भिलारे गुरुजी पुढे आयुष्यभर सांगत. आयोगाने मात्र हल्ल्याचा प्रयत्न सिद्ध झाला असं मानलं नाही.

मला जास्त अस्वस्थ केलं ते १९४८ ने. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाऊसच्या प्रार्थनासभेजवळ गनकॉटनचा स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. बंदोबस्त वाढला, पण येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी साफ नकार दिला. म्हणजे तपासणीचं यंत्र असतं तरी ते दारात उभं राहिलं नसतं! मग उरली फक्त माहिती. आणि ती होती. मदनलालच्या जबाबात पुण्याच्या ‘हिंदुराष्ट्र’ पत्राशी संबंधित माणसाचा उल्लेख आला होता. वर्तमानपत्रांच्या सरकारी यादीत त्याच्या संपादकाचं नाव छापलेलंच होतं : ना. वि. गोडसे.

ती यादी कोणी उघडली नाही. पुण्याचे वरिष्ठ सीआयडी अधिकारी तेव्हा दिल्लीतच होते. जबाबाची प्रत घेऊन ते विमानाने नाही, अलाहाबादमार्गे रेल्वेने निघाले. मुंबईला पोचेपर्यंत २७ तारीख उजाडली. ट्रंक कॉल होते, विमानं होती. (सिग्नल आहे, चॅनल आहे, रिसीव्हर झोपलेला : कम्युनिकेशनच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.)

आयोगाने दिल्ली आणि मुंबई, दोन्ही पोलिसांवर ठपका ठेवला. पण अहवाल आला १९६९ मध्ये. होस्टेलच्या गेटवर आपण रोज रजिस्टरमध्ये सही करतो. ते रजिस्टर नंतर कोण वाचतं, हे मी वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, “भरलं की कपाटात.”