पंडिता रमाबाई : दुष्काळातला धीर

संकटात माणसाला धीर कोठून येतो? पैशाने येतो, नात्यागोत्याने येतो, हे आपण पाहतोच. परंतु गाठीला पैसा नाही आणि पाठीशी माणूस नाही, अशा वेळी काय करायचे? पालमच्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडण करताना विठ्ठलाला हाक मारली, ती अशाच वेळी. आज ज्यांची हकीकत सांगायची आहे, त्यांची श्रद्धा ख्रिस्तावर होती. त्यांचे नाव पंडिता रमाबाई.

1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे आपल्या गावोगावी आहेत. रमाबाईंनी भोगला तो दुष्काळ त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. आईने मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळ पडला आणि आईवडील व थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ. दोघे हजारो मैल पायी चालली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे करून, अंगावर वाळूच ओढून त्यांनी रात्री काढल्या. 1880 मध्ये भाऊही गेला. लग्न झाले, पण 1882 मध्ये पती पटकीने वारले. पदरात तान्ही मनोरमा आणि वय अवघे तेवीस!

पुढल्याच वर्षी बाई इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांना ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर पाहायला मिळाले. समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे मायेने वागवीत. हे असे का, असे बाईंनी विचारले. तेव्हा त्यांना बायबलातली एक गोष्ट सांगण्यात आली. एक शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली होती. तिची जात यहुद्यांना वर्ज्य, तिच्याविषयी लोकांत कुजबूज. येशूने मात्र तिच्याकडे पाणी मागितले, तिच्याशी बोलणे केले. विहिरीवर कोणी कोणाला कसे वागवावे, हा प्रश्न आपल्याकडे काही परका नाही! कोणीही टाकाऊ नाही, हा त्या गोष्टीचा अर्थ बाईंच्या मनाला भिडला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. श्रद्धा म्हणजे मान डोलावणे नव्हे. इंग्लंडातल्या धर्मगुरूंच्या सगळ्याच गोष्टी बाईंनी मानल्या नाहीत. शंका विचारल्या, वाद घातला. इकडे स्वदेशी परतल्यावर 1889 मध्ये विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले, तेव्हा मुलींना ख्रिस्ती करतात असा आक्षेप आला. 1893 मध्ये सल्लागार मंडळींनी संबंध तोडला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांत रानडे-भांडारकरांसारखी विचारी माणसे होती, तेव्हा तो वाद काही उगाच नव्हता. परंतु दोन्हीकडून बोल ऐकूनही बाईंनी हातातले काम टाकले नाही.

आणि मग खरी कसोटी आली. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. संस्थेजवळ पैसा बेताचाच. कोणी म्हणाले असते, आधी आपल्याच मुलींचे पाहा. परंतु भूक म्हणजे काय, हे बाईंना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ, विधवा मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची धास्ती. दुष्काळातल्या मुली तेथे ठेवता येईनात. म्हणून केडगावच्या उघड्या माळावर बिऱ्हाड नेले. तेच मुक्ती सदन. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना उभारला. पुढे 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली. मुली खिळे जुळवू लागल्या, अंधांना वाचायला शिकवले गेले.

बाईंना पुढे काय दिसत होते? शिल्लक दिसत नव्हती. रोज प्रार्थना करायची आणि रोज कामाला लागायचे, एवढेच. प्रार्थनेने भीती जाते असे नाही. भीती असूनही पाऊल उचलता येते. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या करीतच राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

ही हकीकत केवळ ख्रिस्ती बांधवांसाठी नाही. कोणी विठ्ठलाचे नाव घेईल, कोणी अल्लाचे, कोणी बुद्धाला वंदन करील. श्रद्धा खरी की नुसती तोंडची, हे ओळखायची खूण एकच : आपल्यावर आलेल्या संकटाने आपण दाराला कडी लावतो, की दुसऱ्याच्या संकटासाठी दार उघडतो?

गुरुजींनो, पाऊस हुकला की आपल्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हजेरीपटावरची काही नावे गप्प होतात. त्या मुलांच्या घरी एक फेरी मारा. आजी-आजोबांजवळ मूल राहू शकेल का, ते विचारा. वाळूत निजलेली एक मुलगी पुढे दीड हजार जणींची आई झाली. आपल्या वर्गातल्या रिकाम्या जागेवर कोण बसायचे आहे, कोणी सांगावे?